मोत्याचे दागिने : किती धुवावेत, किती पुसावेत आणि कधी गाठवून घ्यावेत

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. सासूबाईंकडून आलेला तन्मणी, मोत्यांची नथ आणि लग्नानंतर हैदराबादहून घेतलेला दोन पदरी हार असे तीन दागिने सात वर्षे बँकेच्या लॉकरमध्ये होते. वैशाखात मुलीचे लग्न आहे म्हणून ते घरी आणले, तर हार पिवळट दिसतो, नथीच्या मोत्यांवर जुन्या कुंकवाचा लालसर डाग आहे आणि तन्मण्याच्या मोत्यांचे पाणी उतरल्यासारखे वाटते. शेजारणीने खाण्याचा सोडा आणि लिंबू सुचवले, नणंदेने रिठ्याचे पाणी सांगितले आणि एका दुकानात ‘मशीनमध्ये पाच मिनिटे टाकून देतो’ असे उत्तर मिळाले. यांपैकी काय करावे, हे त्यांना हवे आहे.

ताई, यांपैकी काहीही करू नका. मी छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात तीस वर्षांहून अधिक काळ मोत्यांचे गाठकाम आणि दुरुस्ती करतो. माझे वडीलही पटवेकरी होते. आमच्याकडे जे मोती खराब होऊन येतात, त्यांतले निम्म्याहून अधिक मळाने खराब झालेले नसतात. ते घरी किंवा दुकानात केलेल्या सफाईने खराब झालेले असतात. मोती पुसावा, शक्यतो धुवू नये, आणि त्याचा दोरा वेळेवर बदलून घ्यावा, एवढाच माझा सल्ला आहे. पण कारण कळल्याशिवाय असा सल्ला पाळला जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मोती हा खडा नव्हे. माणिक, पाचू किंवा हिरा जमिनीत तयार होतो. मोती जिवंत शिंपल्याच्या पोटात तयार होतो. शिंपल्यातला प्राणी अरॅगोनाइट या स्वरूपातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक चढवतो आणि एका प्रथिनाने ते चिकटवत जातो. या पापुद्र्यांच्या मौक्तिक थरातून प्रकाश परततो, तेव्हा आपण ज्याला ‘पाणी’ म्हणतो ती झळाळी दिसते. म्हणजे मोत्याचे मुख्य द्रव्य तेच आहे, जे खडूत आणि चुनखडीत असते. चुनखडीवर लिंबू पिळले की फेस येतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेले आहे. मोत्यावर लिंबू लावले की तसेच घडते. फक्त ते संथपणे घडते, आणि मळ निघाल्याने मोती पांढरा दिसू लागतो म्हणून पहिल्या वेळी ‘किती छान निघाला’ असे वाटते. प्रत्यक्षात मळाबरोबर वरचा पापुद्राही गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मोती खडूच्या गोळीसारखा भुरकट होतो आणि मग त्यावर काही उपाय उरत नाही. चिंचेचा कोळ, व्हिनेगर, दही, आणि चांदी उजळायच्या बहुतेक सगळ्या द्रवांची कथा हीच आहे. दिवाळीला घरातली चांदी चिंचेत घालताना त्याच परातीत मोत्यांच्या कुड्या पडल्याची उदाहरणे मी दरवर्षी पाहतो.

सोड्याचा दोष वेगळा आहे. मोती फार मऊ असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापावर हिरा १० वर, माणिक ९ वर आणि मोती साधारण अडीच ते साडेचारच्या मध्ये येतो. आपल्या बोटाचे नख अडीचच्या आसपास असते. सोडा, टूथपावडर, टूथपेस्ट किंवा रांगोळी यांनी चोळल्यावर मोत्यावर बारीक ओरखडे उठतात. डोळ्यांना ते एकेकटे दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे प्रकाश सरळ परतण्याऐवजी विखुरतो आणि मोती मंद दिसतो.

आता रिठ्याविषयी. नणंदबाईंचा सल्ला परंपरेतला आहे आणि सोन्यासाठी तो उत्तमही आहे. ठुशी, मोहनमाळ, पाटल्या रिठ्याच्या कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशने घासल्या की सोने लखलखते. मात्र रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, आणि ते उकळून, दागिने रात्रभर भिजत ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. सोन्याला त्याचे काही वाटत नाही. मोत्याला आणि त्याच्या रेशमी दोऱ्याला वाटते. जुन्या बायका हलक्या रिठ्याच्या पाण्यात फडके बुडवून मोती पुसत आणि लगेच साध्या पाण्याने पुन्हा पुसत, तेवढ्याने फारसे बिघडत नसे. बिघडते ते उकळल्याने आणि भिजत ठेवल्याने. तरीही मी मोत्याला रिठा लावत नाही, कारण त्याहून सौम्य साधन घरात असते.

राहिले मशीन. सराफाकडे जे सफाईचे मशीन असते, त्यात अतिसूक्ष्म ध्वनिकंपनांनी पाण्यात बुडबुडे निर्माण करून मळ सोडवला जातो. सोन्याच्या साखळीला आणि हिऱ्याच्या अंगठीला ते चालते. मोत्यात आधीच बारीक चीर असेल तर ती कंपनांनी वाढते, भोकाजवळचा पापुद्रा सुटतो, आणि मशीनमधल्या द्रवात बहुधा अमोनिया किंवा तीव्र साबण असतो, तो वेगळाच. ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीने शिकलो. कामाला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका गिऱ्हाईकाच्या मोत्यांच्या कुड्या सोन्याच्या इतर दागिन्यांबरोबर मी मशीनमध्ये टाकल्या. बाहेर काढल्या तेव्हा सात मोत्यांपैकी दोन मोत्यांची भोकाभोवतीची कातडी नखाएवढी सुटून आली होती. ते दोन मोती मी स्वखर्चाने बदलून दिले, पण जुन्या पाच मोत्यांशी नव्या दोघांचा रंग शेवटपर्यंत जुळला नाही.

त्याहून वाईट अपघात झाळकामात होतो. नथीची तार तुटली किंवा कुडीचा मळसूत्री फिरकीचा भाग निघाला, तर काही कारागीर मोती न काढताच बत्तीची ज्योत देतात. मोत्यातले प्रथिन उष्णतेने जळते, थोडेसे पाणी असते तेही उडून जाते, आणि मोती तपकिरी पडतो किंवा तडकतो. झाळल्यानंतर सोने उजळण्यासाठी दागिना तेजाबात घालण्याची पद्धत आहे. त्यात मोती गेला तर तो अक्षरशः विरघळतो. म्हणून दुरुस्तीला दागिना देताना ‘आधी मोती सोडवा, मग आग द्या’ एवढे एक वाक्य स्पष्ट बोलावे. यात कारागिराचा अपमान होत नाही, जाणत्या कारागिराला तर ते ऐकून बरेच वाटते.

आता तुमच्या दागिन्यांकडे वळतो. आधी हार घेऊ, कारण तो सोपा आहे.

जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर जाड पांढरा टॉवेल पसरा. बेसिनवर हे काम कधीही करू नका. दोरा तुटला की मोती जाळीतून खाली जातो आणि मग प्लंबरला बोलवावे लागते. दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाणी आणि लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब, दुसरीत नुसते पाणी. पाणी किती कोमट, तर बाळाच्या आंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहतात तितपत. पाणी फिल्टरचे घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की बादलीच्या कडेला पांढरी पुटे चढतात. तीच पुटे मोत्यावर आणि भोकाच्या तोंडाशी बसतात आणि नंतर ती काढायला पुन्हा आम्लच लागते. कपडे धुण्याची पावडर मुळीच वापरू नका. अनेक पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम असतात, आणि मोत्याचे पापुद्रे ज्याने चिकटलेले आहेत तेही प्रथिनच आहे.

जुन्या धुतलेल्या मलमलीचा किंवा सुती धोतराचा तुकडा शाम्पूच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी गळता कामा नये. हार टॉवेलवर आडवा ठेवून एकेक मोती चिमटीत फडक्याने धरा आणि हलके फिरवा, भोकाकडून बाहेरच्या दिशेने. हार उचलून ओढत फडक्यातून काढू नका, त्याने दोरा ताणतो. मग साध्या पाण्याचे पिळलेले दुसरे फडके तसेच फिरवा, म्हणजे साबण उरणार नाही. शेवटी कोरडे फडके. त्यानंतर हार त्याच टॉवेलवर, पंख्यापासून दूर, सावलीत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र पडू द्या. ओला हार खुंटीला किंवा गळ्यात टांगू नये. ओले रेशीम मोत्यांच्या वजनाने लांबते आणि मोत्यांच्या मध्ये फट पडते. केस वाळवायचे यंत्र, ऊन, इस्त्रीचा गरम कपडा यांचे नावही काढू नये.

एक बारीक गोष्ट राहते. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात जी धूळ उडते, तिच्यात वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि ते मोत्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. म्हणून धूळ बसलेला मोती कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी फुंकर घालावी, मग ओलसर फडके लावावे. पुसण्याच्या घाईत ओरखडे पाडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

एवढे केल्यावर हार किती पांढरा होईल? मळामुळे आलेला पिवळेपणा निघून जाईल; वयामुळे आलेला निघणार नाही. मोत्यातले प्रथिन वर्षानुवर्षांत रंग बदलते, आणि घाम, तेल, अत्तर भोकावाटे आत मुरते. हा पिवळेपणा आतला आहे. मोत्यांच्या कारखान्यात नव्या मोत्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात हे खरे आहे, पण ते काम मोजून-मापून होते. औषधाच्या दुकानातली बाटली आणून घरी तो प्रयोग करू नये. माझे मत विचाराल तर जुन्या मोत्याचा सायीसारखा पिवळसर रंग मला नव्या पांढऱ्याफेक मोत्यापेक्षा अधिक शोभिवंत वाटतो, विशेषतः पैठणीच्या जरीशेजारी. पण ही आवडीची गोष्ट झाली.

सात वर्षे लॉकरमध्ये राहिल्याने हार अधिक निस्तेज झाला असण्याची शक्यता आहे. मोत्यात थोडे पाणी असते, आणि फार कोरड्या जागी ते कमी होत जाते. पापुद्रे कोरडे पडून बारीक तडे जाऊ शकतात. पुष्कळ लोक नव्या बॅगेतून किंवा औषधाच्या डबीतून निघालेली ओल शोषणारी पुडी लॉकरमधल्या डब्यात टाकतात. चांदीसाठी ती योग्य आहे, मोत्याच्या डबीतून मात्र ती आजच काढून टाका. याच्या उलट टोकाला जाऊन काही जण ओले फडके ठेवायला सांगतात. बंद लॉकरमध्ये ओल कोंडली की दोऱ्याला बुरशी येते, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही. तीन-चार महिन्यांनी डबी घरी आणून दागिने उघड्यावर, सावलीत ठेवावेत आणि शक्य तर एखाद्या कार्यक्रमाला घालावेत. ‘मोती अंगावर राहिला की जिवंत राहतो’ असे आपल्याकडे म्हणतात. त्वचेच्या तेलाने मोत्याचे पोषण होते असा त्याचा अर्थ नव्हे; घातलेला मोती कोरड्या डबीबाहेर राहतो, पुसला जातो आणि त्याचा दोरा सैल झाला की वेळेत लक्षात येतो, एवढेच त्यातले तथ्य आहे.

घामाचे तथ्यही सांगायला हवे, कारण घाम किंचित आम्लधर्मी असतो. एका आजींची गळ्यातली मोत्यांची माळ माझ्याकडे आली होती. ती त्यांनी वर्षानुवर्षे रोज घातलेली. दोरा सोडून मोती ताटलीत घेतले, तेव्हा मानेच्या मागच्या बाजूचे मोती गोल राहिलेच नव्हते. दोन्ही टोकांशी गोल आणि मधे झिजलेले, लहानशा पिंपासारखे झाले होते. पुढच्या बाजूचे मात्र चांगले गोल होते. त्वचेला टेकणारा पट्टा घामाने वर्षानुवर्षे थोडाथोडा झिजत गेला होता. घालणे थांबवायला नको होते, रात्री काढल्यावर ओलसर फडके फिरवले असते तरी पुरले असते.

आता तन्मणी. तो तुम्ही घरी पुसू नये असे मला वाटते, किंवा पुसलाच तर पदरांतले मोती तेवढे पुसावेत आणि मधल्या खोडाला, म्हणजे पदकाला, पाणी लागू देऊ नये. जुन्या तन्मण्याचे खोड पुष्कळदा मागून बंद असते. खड्यांच्या मागे चमकदार पातळ पत्रा असतो आणि आत लाख भरलेली असते. पाणी आत शिरले की पत्रा काळवंडतो, खडा मेल्यासारखा दिसतो, आणि तो पुन्हा जिवंत करायला खोड उघडावे लागते. चिंचपेटी, लफ्फा आणि जुने बाजूबंद यांनाही हीच सूचना लागू आहे.

तन्मण्याचे मोती खरे नैसर्गिक, म्हणजे ज्यांना आपण बसरा म्हणतो ते, असण्याची शक्यता आहे. बसरा हे बाजाराचे नाव. मोती इराणच्या आखातातून, बहरीनसारख्या ठिकाणाहून निघत. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोटो कोकिची यांनी शिंपल्यात मुद्दाम मणी घालून अर्धगोल मोती पिकवला, पुढच्या काही दशकांत गोल संवर्धित मोती जगभर आले, आणि आखातातला पाणबुड्यांचा धंदा बसला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही मोत्यांची मोठी पेठ होती, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांत असे मोती अजून निघतात. आजही नांदेड-परभणीची मंडळी लग्नाच्या खरेदीला देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद गाठतात आणि चारमिनारजवळच्या दुकानांतून हार घेऊन येतात. तो हार मात्र बहुतेक वेळा चीनमध्ये गोड्या पाण्यात पिकवलेल्या मोत्यांचा असतो. त्यात कमीपणा काही नाही. गोड्या पाण्यातला असा मोती बहुधा आतपर्यंत मौक्तिक थराचाच असतो, तर जपानी पद्धतीच्या मोत्यात आत शिंपल्याचा मणी आणि वरती बहुधा मिलिमीटरपेक्षाही पातळ थर असतो. म्हणून निष्काळजीपणा दुसऱ्या प्रकाराला अधिक भोवतो.

नैसर्गिक की पिकवलेला, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, मलाही नाही. त्यासाठी एक्स-रे काढणारी रत्नपरीक्षण प्रयोगशाळा लागते. आपल्याला त्यासाठी मुंबईला जावे लागते. तन्मणी जुना असेल, तर कुणीही ‘मोती सोलून नवा करून देतो’ म्हटले तरी त्या परीक्षणापूर्वी होकार देऊ नका. वरचा मेलेला पापुद्रा काढून आतली झळाळी उघडी करण्याचे काम पूर्वी निष्णात कारागीर करीत, पण आतला पापुद्रा चांगला निघेलच याची हमी कोणालाही देता येत नाही. शिवाय नैसर्गिक मोत्याचा भाव मुंबईच्या बाजारात परंपरेने ‘चव’ या मापाने ठरत आला आहे, आणि चव वजनाच्या वर्गाच्या, म्हणजे वजनाला वजनानेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात वाढते. मोत्याचे वजन १० टक्क्यांनी घटले तर चव सुमारे १९ टक्क्यांनी घटते. सोलण्याचा हिशेब असा महाग पडतो.

खोटा मोती असेल तर काळजी निराळी. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर चमकदार लेप दिलेला असतो, आणि भिंगातून भोकाच्या कडेला पाहिले तर तो लेप पापडासारखा उचललेला दिसतो. दोन मोती एकमेकांवर अगदी हलके घासले तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि खोटा गुळगुळीत सरकतो. हल्ली लायटरची ज्योत लावून पाहण्याचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून खरा मोती जाळून बसलेले लोक माझ्याकडे आले आहेत. खोट्या मोत्याला पाणी, शाम्पू काही लावू नये. कोरडे मऊ फडके पुरे.

नथीचा डाग तुम्ही विचारला आहे. नथीत मोती दोऱ्यात नसून सोन्याच्या तारेत असतात, म्हणून ती थोडी अधिक सोसते. कापसाचा बोळा नव्हे, कारण त्याचे धागे तारेत अडकतात. मलमलीच्या तुकड्याचे टोक वळवून, शाम्पूच्या पाण्यात बुडवून पिळा आणि डागावर वीसेक सेकंद नुसते टेकवून ठेवा. मग फिरवा. असे तीन-चार वेळा केल्यावर वरवरचे कुंकू निघते. तीन-चार वेळांनंतरही लाली राहिली, तर ती भोकातून आत गेलेली आहे, तिथे थांबा. अशा वेळी मी तार सोडून मोती अर्धा फिरवतो, डागाची बाजू नाकाकडे जाते आणि समोरून नथ स्वच्छ दिसते. डाग काढल्याचा दावा मी करत नाही, तो लपवतो. नथीला मागे खडे असतील तर त्यांच्यामागे पाणी जाऊ देऊ नये, हे वर आलेच आहे.

आता दोऱ्याचे. खरे तर पत्रात तुम्ही त्याविषयी काही विचारलेले नाही, पण लग्नात हार तुटण्याचा धोका मला पिवळेपणापेक्षा मोठा वाटतो. हार एका टोकाने उचलून धरा. मोती खाली सरकले आणि वरच्या फाशापाशी दोरा उघडा दिसला, तर दोरा लांबला आहे. मग फाशाजवळचे पहिले तीन-चार मोती बाजूला करून पाहा. तिथे दोरा करडा किंवा केसाळ झाला असेल तर हार आता कधीही तुटू शकतो, कारण सगळा ताण तिथेच येतो. सात वर्षांपूर्वीचा दोरा असेल तर मी तो न पाहताच बदला असे सांगेन. दर आठवड्याला वापरातला हार वर्षाने, आणि सणासुदीला घालायचा हार दोन-तीन वर्षांनी गाठवून घ्यावा.

गाठवताना प्रत्येक दोन मोत्यांच्या मध्ये गाठ हवी असा आग्रह धरा. आपल्याकडे बारीक मोत्यांच्या पदरांत गाठी देत नाहीत आणि तिथे त्या शोभतही नाहीत, पण हाराचे मोती मोठे असतात. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी एखादा मोती पडतो, सगळा हार मांडवात विखुरत नाही. गाठ घालताना सुईचे टोक सैल गाठीत धरून ती मोत्याच्या तोंडाशी नेऊन बसवावी लागते. मग नखाने ढकलली की ‘टच्’ असा अगदी हलका आवाज येतो. तो आवाज आला नाही तर गाठ मोत्यापासून दूर राहिली आणि महिन्याभरात तिथे फट दिसणार, हे मी डोळे मिटूनही सांगू शकतो. दोरा रेशमी असावा. नायलॉन टिकते, पण ते ताठ राहते आणि हार गळ्यावर नीट पडत नाही.

जुना दोरा सोडताना आणखी एक काम होते, जे घरी होऊच शकत नाही. मोत्याच्या भोकात घाम, पावडर आणि तेल यांचा काळा मळ साठलेला असतो. पातळ मोत्यात तो बाहेरून भोकाभोवती करड्या कड्यासारखा दिसतो आणि लोकांना वाटते की मोतीच काळा पडला. दोरा निघाल्यावर ओलसर सुती धागा भोकातून दोन-तीनदा फिरवला की पुष्कळ मोती एकदम उजळतात. तुमच्या तन्मण्याचे ‘पाणी’ निदान काही प्रमाणात अशाच मळाखाली असेल, अशी मला आशा आहे.

दागिना गाठवायला देताना मोती समोर मोजून द्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि काम पाहणे शक्य असेल तर तिथेच बसा. आमच्या व्यवसायात प्रामाणिक माणसे अधिक आहेत, पण मोजून घेतले की दोघांनाही झोप नीट लागते.

लग्नाच्या दिवसांपुरते काही सांगतो. हळदीला मोती घालू नका. हळदीचा रंग रेशमात शिरला की दोरा बदलल्याशिवाय जात नाही. लग्नाच्या दिवशी आधी तेल, पावडर, अत्तर, केसांचा फवारा सगळे आटोपू द्या, कपड्यांवरचे अत्तर वाळू द्या, आणि मोती सर्वांत शेवटी घाला. घरी आल्यावर सर्वांत आधी काढा. हात स्वच्छ करायच्या द्रवात अल्कोहोल असते, तो लावल्यावर हात वाळेपर्यंत मोत्याला हात लावू नये. काळे किंवा सोनेरी रंगवलेले मोती असतील तर त्याने रंगही सुटतो. भर उन्हाळ्यात गाडीच्या पुढच्या काचेखाली दागिन्यांची डबी ठेवण्याची चूक तर कुणीही करू नये. बाहेर पारा बेचाळीसवर असतो, तेव्हा बंद गाडीत तो त्याहून किती चढतो, हे गाडीत बसताना आपल्याला कळतेच.

रात्री उशीर झाला तरी झोपण्यापूर्वी तिन्ही दागिने ओलसर फडक्याने पुसून टॉवेलवर आडवे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डबीत भरा. प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळा, कारण नथीतला खडा किंवा बांगडीची कडा शेजारच्या मोत्यावर सहज रेघ ओढते. प्लॅस्टिकची झिपची पिशवी नको, पैठणीच्या घडीतल्या डांबराच्या गोळ्यांजवळ तर नकोच.

मुलीचे लग्न वैशाखात आहे, तेव्हा हार आणि तन्मणी गुढीपाडव्याच्या आधीच गाठवायला द्या. नवे रेशीम पहिल्या काही दिवसांत थोडे ताणते, म्हणून हार परत आल्यावर घरी दोन-तीनदा तास-दोन तास घालून पाहावा आणि फट दिसली तर कारागिराकडे परत नेण्यास वेळ हाताशी असावा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात सराफ्यातल्या कोणत्याही पटवेकऱ्याकडे घाईचे काम घेऊन जाऊ नये. त्या दिवसांत माझ्या हातच्याही काही गाठी सैल राहतात.